नागपूरहून मुंबईत बदली, लेक साडेतीन वर्षांची: भाड्याने घर कुठे बघावं?

वैदर्भी (१२ एप्रिल, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली, जूनपासून ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल). मला कंपनीने नवी मुंबईतलं ऐरोलीचं ऑफिस दिलंय. आठवड्यातून तीन दिवस जायचं, दोन दिवस घरून. लेकीला नोव्हेंबरमध्ये चार पूर्ण होतील. नागपुरात सासू-सासरे सोबत आहेत, त्यामुळे पाळणाघर हा शब्दसुद्धा घरात कधी निघाला नाही. मुंबईत आमचं कोणी नाही.

पंधरा दिवसांपासून मोबाइलवर घरं पाहून पाहून डोळे दुखून राहिलेत. सध्याची यादी: मुलुंड, घोडबंदर रोड, पवई, नेरुळ, बोरिवली. बजेट ३५ ते ४० हजार. वन बीएचके चालेल, पण नवऱ्याला स्विमिंग पूल आणि क्लबहाऊसवाला टॉवर हवाय, म्हणजे "पोरगी बोअर नाही होणार". तुम्ही काय बघून घर घेतलं असतं?

---

घोडबंदरवाला (१३ एप्रिल, सकाळी ८:०५)

डोळे मिटून घोडबंदर रोड. तुमच्या बजेटमध्ये टू बीएचके, गेटच्या आत बाग, सायकल चालवायला जागा, संध्याकाळी पन्नास पोरं खाली. आमचा मुलगा घरात असतो तो फक्त जेवायला आणि झोपायला. मागे येऊरचा डोंगर, पावसाळ्यात खिडकीतून धबधबे दिसतात.

---

खवचट (१३ एप्रिल, सकाळी ८:२२)

आणि पुढच्या खिडकीतून घोडबंदर रोड दिसतो, बारा महिने, उभाच. धबधबा तरी वाहतो.

वैदर्भीताई, पवईचं विसरा. ४० हजारात तलावात नाव मिळेल, पण शेजार मगरींचा आहे.

---

मुलुंडची माऊ (१३ एप्रिल, सकाळी १०:१५)

खवचट, चेष्टा पुरे, ती बिचारी खरंच विचारतेय.

वैदर्भी, मुलुंड पूर्व बघ. ऐरोलीचा पूल इथूनच सुरू होतो, त्यामुळे तू रिक्षा-बस कशानेही जाशील. नवरा लोकलने कुर्ल्याला उतरेल, तिथून बीकेसीला बस नाहीतर शेअर रिक्षा. पूर्वेला वस्ती जुनी, मराठी, रस्ते त्या मानाने शांत. पश्चिमेला बाजार, दवाखाने, शाळा जास्त. एक गोष्ट आताच सांगते, पूर्व-पश्चिम हे नकाशावर एका बोटाचं अंतर दिसतं. कडेवर झोपलेलं पोर, पाठीला दप्तर आणि हातात छत्री घेऊन स्टेशनचा पूल चढलीस की कळेल ते किती आहे ते. घर, शाळा, पाळणाघर तिन्ही रुळांच्या एकाच बाजूला हवं. यात तडजोड करू नकोस.

तोटाही सांगते. काही रात्री कांजूरमार्गच्या कचराभूमीचा वास येतो, वारा तिकडचा असेल तर. घर दुपारी बघशील तेव्हा काही कळणार नाही.

---

नेरुळकर (१३ एप्रिल, दुपारी १:३०)

नवी मुंबईचा विचार लोक शेवटी का करतात, मला कळत नाही. लहान मूल असेल तर पहिला तोच करावा. सिडकोने सेक्टर आखताना बाग, शाळा, बाजार यांची जागा आधीच काढून ठेवली. फुटपाथवरून बाबागाडी ढकलता येते, हे वाक्य मुंबईत कोणी म्हणून दाखवावं. मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचं, त्यामुळे पाण्याची रडारड कमी. तुम्हाला ऐरोलीला नेरुळ–ठाणे गाडीने थेट जाता येईल.

यजमानांना मात्र हार्बर लोकलने कुर्ला. हार्बरवर फास्ट गाडी नाही, प्रत्येक स्टेशन घेत जाते. मी अठरा वर्षं करतोय, सवय होते.

---

बोरिवलीची बाय (१३ एप्रिल, दुपारी ४:५०)

मी माझ्या गावाची बाजू मांडायला आले होते. राष्ट्रीय उद्यान आहे, पोरांना दर रविवारी नेता येतं. बीकेसीला हल्ली लोकल टाळूनही जाता येतं: मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून चालत मेट्रो १, मरोळ नाक्याला बदलून मेट्रो ३. दोन बदल, पण एसी.

मग ऐरोली वाचलं. नको. बोरिवली यादीतून खोडा. आमच्याकडे राहून ऐरोलीला जायचं म्हणजे दर आठवड्याला तीन वेळा परगावी जाऊन येणं.

---

वैदर्भी (१३ एप्रिल, रात्री १०:३०)

सगळ्यांचे आभार. पवई, बोरिवली खोडले. नवरा म्हणतो, दोघांच्या ऑफिसच्या बरोबर मधोमध घर घेऊ, म्हणजे कोणाचीच ओढाताण नको. हिशोबाने बरोबर वाटतंय ना?

शाळेचंही सांगा. नागपूरची शाळा नर्सरी म्हणून राहिली, मुंबईच्या शाळांना फोन केला तर ज्युनिअर केजी म्हणतात.

---

शाळामास्तरीण (१४ एप्रिल, सकाळी ७:१०)

वय ३१ डिसेंबरला मोजतात. त्या तारखेला तीन पूर्ण असतील तर नर्सरी, चार पूर्ण असतील तर ज्युनिअर केजी, सहा पूर्ण असतील तर पहिली. तुमची लेक ज्युनिअर केजीत बसते. उशिरा घालून वर्ष मागे ठेवायचं असेल तर ते आताच ठरवा, पहिलीला गेल्यावर नाही.

खासगी शाळांचे प्रवेश आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच उरकतात, त्यामुळे नावाजलेल्या शाळेत आता "फुल्ल" ऐकू येईल. घाबरू नका. बदल्या तुमच्या एकट्याच्याच होत नाहीत. मे महिन्यात लोक दाखले काढून जातात आणि जागा सुटतात. दर सोमवारी फोन करा, न लाजता. बोर्ड कुठलंही घेतलंत तरी महाराष्ट्रात पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा आहे, २०२० चा कायदा आहे, तेव्हा ती चिंता नको.

आणि या वयात शाळा तीन तासांची असते. उरलेल्या दिवसाचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मी देणार नाही. इथे एक काकू आहेत, त्या देतील.

---

पाळणाघरवाल्या काकू (१४ एप्रिल, दुपारी २:४५)

बोलावलंत म्हणून लिहिते. पोरं झोपलीत, तासभर आहे माझ्याकडे.

मी ठाण्यात २२ वर्षं पाळणाघर चालवते. दर जूनला माझ्या दारात नवीन आई-बाबा येतात. घर घेऊन झालेलं असतं, अनामत भरलेली असते, पडदेसुद्धा लागलेले असतात, आणि मग विचारतात, "काकू, एक जागा आहे का?" जागा नसते. मग ते पोर रोज पाऊण तास व्हॅनमध्ये. पलीकडच्या गल्लीत घर घेतलं असतं तर त्याच भाड्यात काम झालं असतं. म्हणून आधी पाळणाघर ठरवा, मग त्याच्या अवतीभवती घर बघा. लोकांना हे उलटं वाटतं. माझ्या मते सरळ हेच आहे.

पाळणाघर बघायला फोन करून जाऊ नका. दुपारी दीडला जा. त्या वेळी जेवणं आटपलेली असतात, अर्धी पोरं झोपलेली, एखादं रडत असतं, आणि बाईचा कस तेव्हाच लागतो. दार कोण उघडतं बघा, बाई की सहा वर्षांचं पोर. संडासाची कडी मुलांच्या हाताला येते का बघा. माझ्याकडे एकदा एकाने स्वतःला आत कोंडून घेतलं होतं, वीस मिनिटं बाहेरून गाणी म्हणत होते मी. त्याच संध्याकाळी सुतार बोलावून कडी वर घेतली. चपला बघा, रांगेत असतील तर कोणीतरी पोरांना वेळ देतंय. टीव्ही चालू असेल तर किती वेळ चालू असतो ते मुलांना विचारा, बाईंना नाही.

मग विचारा: तुम्ही आजारी पडलात तर काय? दिवाळीत किती दिवस बंद? पोराला ताप आला तर किती वाजेपर्यंत ठेवता? संध्याकाळी उशीर झाला तर? माझी वेळ साडेसातची, पण गाड्या बंद पडल्या की माझ्याकडे पोरं रात्री दहालाही जेवलेली असतात. ही गोष्ट कागदावर नसते, बाईच्या चेहऱ्यावर दिसते.

आणि तुमच्या यजमानांचं ते "बरोबर मधोमध". बाळा, मधोमध घर म्हणजे दोघंही पोरीपासून सारखेच लांब. शाळेतून फोन येतो की पडली, ओठ फुटलाय, या. तेव्हा कोण किती मिनिटांत पोचेल? दोघांपैकी एकाने जवळ असायलाच हवं. दुसऱ्याने मग खुशाल लांबून यावं.

उठली एक. जाते.

---

जुलैतली (१४ एप्रिल, रात्री ९:१५)

काकूंचं वाचून लिहायचं धाडस झालं. २६ जुलै २००५ ला मी पाच वर्षांची होते, भांडुपला. आई फोर्टात नोकरीला, बाबा अंधेरीच्या सीप्झला. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतर शाळेत कळला. मला आठवतं ते एवढंच की एकेक मूल घरी जात होतं आणि माझं दप्तर खुंटीला एकटंच राहिलं. फोन लागत नव्हते. पाळणाघरातल्या आजींनी मला स्वतःच्या नातवाचा सदरा घातला, कारण माझे कपडे ओले होते. आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली, कुर्ल्याहून चालत. तिच्या पायात एकाच पायाची चप्पल होती.

आता मी स्वतः आई आहे आणि घर घेताना नवऱ्याला एकच विचारलं, की कुर्ला-सायनला रुळांवर पाणी भरलं तर आपल्यापैकी कोण पलीकडे अडकणार नाही? वैदर्भी, तुझ्या केसमध्ये उत्तर सोपं आहे. नवरा बीकेसीत अडकेल. ऐरोलीतून तू ठाणे-मुलुंडला ट्रान्स-हार्बर लोकलनेही येशील, पुलावरून रस्त्यानेही येशील. घर तुझ्या बाजूला घे.

---

खवचट (१४ एप्रिल, रात्री ९:४०)

मला आज काही विनोद सुचत नाहीये.

---

घोडबंदरवाला (१५ एप्रिल, सकाळी ८:३०)

मान्य. पण घोडबंदरसुद्धा ऐरोलीच्याच बाजूला आहे, हे लक्षात घ्या. मेट्रो ४ पूर्ण धावू लागली की चित्र बदलेल.

---

मुलुंडची माऊ (१५ एप्रिल, सकाळी ८:४१)

दादा, तुमच्याकडून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटर. तेवढ्या वेळात ती ऐरोलीहून घरी येऊन चहा पिऊन होईल. मुलगी आज साडेतीनची आहे, मेट्रोच्या वेळापत्रकाने वाढणार नाही ती. 🙂

---

कागदी वाघ (१५ एप्रिल, दुपारी १२:२०)

जागा कुठलीही घ्या, करार नीट करा. रोज हेच काम करतो म्हणून सांगतो.

ब्रोकर सवयीने ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार पुढे करेल. "११ महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात खरं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मग ११ च्या आकड्यात तुमचा फायदा काय? काहीच नाही. उलट तोटा आहे. जूनमध्ये घेतलेलं घर पहिल्यांदा एप्रिलअखेर संपतं, पुढच्या खेपेला मार्चअखेर, म्हणजे दर वर्षी एक महिना मागे सरकत सरकत तुम्ही एक दिवस शाळेच्या ऐन मध्यात घर शोधत फिरता. २४ किंवा ३६ महिन्यांचा मागा. सुटण्याची नोटीस एक-दोन महिन्यांची ठेवा, आणि मालकाने मधेच काढायचं नाही असा लॉक-इन त्याच्या बाजूनेही लिहून घ्या. बहुतेक करारांत तो फक्त भाडेकरूवर असतो.

खर्चाचा अंदाज: भाडं ३५ हजार, २४ महिने, अनामत दीड लाख. एकूण भाडं ८ लाख ४० हजार, अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे ३० हजार. ८ लाख ७० हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे २,१७५ रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट घरी येऊन अंगठा-फोटो घेतो, त्याचे पैसे वेगळे. कोणी दहा हजार सांगितले तर हा हिशोब दाखवा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. जुनी इमारत बघत असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, पुनर्विकासाचा ठराव झालाय का. मालक हे सांगत नाही. इमारत पाडायची वेळ आली की मालकाला बिल्डरकडून भाडं सुरू होतं आणि तुम्हाला नोटीस येते.

---

नेरुळकर (१५ एप्रिल, दुपारी १:०५)

वा, वाघोबा. या एका पोस्टसाठी धागा जतन करून ठेवला. लॉक-इनचं मलाही माहीत नव्हतं.

---

वैदर्भी (२७ एप्रिल, रात्री ११:१०)

तीन दिवस मुंबईत येऊन गेलो. वृत्तान्त देते, लांबला तर माफ करा.

पहिल्या दिवशी नवऱ्याच्या समाधानासाठी घोडबंदर. टॉवर खरंच सुंदर. पोरगी लिफ्टच्या आरशात स्वतःला पाहून खूश. गेटवरच्या वॉचमनशी बोलले, तो यवतमाळचा निघाला. गाववाला भेटला की माणूस खरं बोलतो. "ताई, टँकर मोजायचे असतील तर सकाळी सहाला या," म्हणाला. आलो. अर्ध्या तासात चार. मग तिथूनच ठाणे स्टेशनला निघालो, नवऱ्याने मोबाइलवर घड्याळ लावलं होतं. पोरगी रिक्षात झोपली, उठली, पाणी प्यायली, परत झोपली, तरी स्टेशन यायचंच होतं. स्विमिंग पूलचा विषय त्याने स्वतःच परत काढला नाही.

दुसरा दिवस नुसता पाळणाघरांचा. चार पाहिली, चारही दुपारी एक ते अडीचमध्ये, काकूंनी सांगितलं तसं न सांगता. एका ठिकाणी मला दारातूनच परत पाठवलं, "अपॉइंटमेंट घ्या". एका ठिकाणी सगळं रंगीत, भिंतीवर फुलपाखरं, आणि बारा मुलं टीव्हीकडे तोंड करून गप्प. तिसरं बरं होतं पण मुलुंड पश्चिमेला, आणि आम्ही घर पूर्वेला बघत होतो. पूल चढून पाहिला, पोरीला कडेवर घेऊन. माऊताई, पटलं.

चौथं ठाण्याला नौपाड्यात. पहिला मजला, जुनी इमारत. दार एका बाईंनी उघडलं, खांद्यावर झोपलेलं पोर. बोट ओठावर ठेवून आत या म्हणाल्या. चपला रांगेत. संडासाची कडी माझ्या डोळ्यांच्या उंचीला. मी कडीकडे बघत होते, त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि म्हणाल्या, "वैदर्भी ना?"

हो. त्याच काकू. मला माहीत नव्हतं, खरंच. जूनपासूनची एक जागा होती.

तिसऱ्या दिवशी त्या दारापासून पायी दहा मिनिटांत जेवढं येतं तेवढ्यातच घरं पाहिली. सात. एकाने नॉनव्हेजवरून फोनवरच नकार दिला, एका इमारतीत वाघोबांचा प्रश्न विचारला तर सेक्रेटरी चपापला आणि म्हणाला, "ठराव दिवाळीनंतर आहे, तुम्हाला कोणी सांगितलं?" सहावं घेतलं. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हॉल एवढासा की सोफा ठेवला तर पोरगी सोफ्यावरच खेळेल. भाडं ३६ हजार. पाण्याचा आठवड्यातून एखादा दिवस शटडाऊन असतो, पण इमारतीला टाकी मोठी आहे. शाळा त्याच रस्त्यावर, ज्युनिअर केजीला वेटिंगवर दुसरं नाव. शाळामास्तरीणबाई, सोमवारचे फोन सुरू केलेत. मालक २४ महिन्यांना तयार झाला, दोन्ही बाजूंचा लॉक-इन एक वर्षाचा.

ठाण्याहून ऐरोलीला मी गाडीने जाऊन पाहिलं, मधे फक्त दिघा गाव स्टेशन. नवऱ्याचं मात्र कठीण आहे. सकाळी सव्वाआठला त्याला कुर्ल्याची फास्ट पकडायला सांगितली. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत कसाबसा चढला आणि कुर्ल्याला उतरताच आलं नाही, दादरला उतरला.

---

खवचट (२७ एप्रिल, रात्री ११:२५)

१८५३ पासून ठाण्याला गाडी येते आणि अजून बसायला जागा मिळालेली नाही. त्यांना सांगा, ठाण्याहूनच सुटणारी स्लो धरा. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण माणूस म्हणून उतरतील.

---

पाळणाघरवाल्या काकू (२८ एप्रिल, दुपारी २:३०)

कडीकडे एवढं निरखून बघणारी बाई याआधी आली नव्हती, म्हणून ओळखलं.

जूनचे पहिले दहा-बारा दिवस पोरगी रडेल. तू सुट्टी घर लावण्यात घालवू नकोस, ते दिवस तिच्यासाठी ठेव. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग जेवण, मग झोप. तिची नागपूरची गोधडी आण, धुऊन आणू नकोस.

---

वैदर्भी (२८ एप्रिल, रात्री १०:००)

आणते काकू. रजा पंधरा दिवसांची टाकली.

आता टेम्पोत काय भरायचं यावर भांडण सुरू आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांना: आमचा कूलर मोठा आहे, मागच्याच वर्षी घेतला. न्यायचा की विकायचा?

---

खवचट (२८ एप्रिल, रात्री १०:०४)

विका. आमच्या दमट हवेत कूलर लावलात तर गारवा सोडून सगळं मिळेल. आठवडाभरात पापडांना पालवी फुटेल.

---

नेरुळकर (२८ एप्रिल, रात्री १०:१२)

विका.

---

घोडबंदरवाला (२८ एप्रिल, रात्री १०:१५)

विका. आणि आलात की रविवारी पोरीला घेऊन आमच्याकडे पोहायला या. पूल आहे, कोणी वापरत नाही.